बरी झालेली

डॉक्टर पूर्णिमाने दोन बोटं शिल्पाच्या गळ्यावर ठेवली आणि म्हणाली, "गीळ."

शिल्पाने आवंढा गिळला.

"पुन्हा."

बोटं डावीकडे सरकली आणि कानाखालच्या जुन्या व्रणावर थांबली. दारातल्या रांगेतली एक म्हातारी पडदा बाजूला करून आत डोकावत होती. डॉक्टरने तिला हाताने मागे व्हायला सांगितलं.

"हे काय आहे?"

"लहानपणी गाठ काढली होती, तपासायला."

"कसली गाठ?"

"कॅन्सरची. लिम्फोमा म्हणायचे. आठ वर्षांची होते." आणि सवयीने तिने पुढचं वाक्य जोडलं, "आता बरी आहे मी."

डॉक्टर खुर्चीत बसली. समोर शिल्पाचे रक्ताचे दोन रिपोर्ट होते, एक गेल्या महिन्यातला, एक कालचा. तिने दोन्ही पुन्हा शेजारी शेजारी ठेवले.

"गेल्या महिन्यात हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं पाळी कधीपासून बंद आहे. मी तेवढंच सांगितलं."

"मानेला किरणांचा शेक दिला होता?"

"हो. हुबळीला. रोज सकाळी, वीसएक दिवस. त्याआधी सलाईनं. लाल रंगाचं एक असायचं, ते लावलं की उलट्या व्हायच्या."

डॉक्टर तरुण होती, रामनगरला येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग सावकाश, एकेक शब्द पारखून घेतल्यासारखं बोलू लागली. गळ्यातली ग्रंथी त्या शेकाने हळूहळू सुकत जाते. कुणाची पाच वर्षांनी, कुणाची दहा. शिल्पाची जवळपास बंदच पडली होती. सारखी थंडी वाजणं, दुपारी डोळे उघडे न राहणं, चेहरा सुजणं, आवाज घोगरा होणं, सगळं त्यातलंच. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर.

"आणि पाळी?"

"ते औषधांमुळे. काही औषधं बीजकोशांना मारतात. तुझे हे आकडे पन्नाशीच्या बाईचे असावेत तसे आहेत. दोनदा तपासून घेतले, म्हणून सांगते."

"म्हणजे मूल होणार नाही."

"फार कठीण आहे. बेळगावच्या डॉक्टरीणबाई जास्त नीट सांगतील. पण त्यासाठीसुद्धा गोळ्या लागतील, नाहीतर हाडं आत्तापासून ठिसूळ व्हायला लागतील." डॉक्टरने रिपोर्टवर बोट ठेवलं. "दरवर्षी रक्त तपासायला हवं होतं. तुला कुणीच सांगितलं नाही?"

"नाही."

"घरी फाईल असेल. त्यात लिहिलेलं असतं. सगळे कागद तारखेप्रमाणे लावून सोमवारी घेऊन ये. बेळगावला जायची चिठ्ठी देते. सोबत कुणाला तरी आण."

"आधी कळलं असतं तर?"

डॉक्टरने दोन्ही रिपोर्ट बाजूला सारले. "गळ्याचं तरी तुला इतकी वर्षं सोसावं लागलं नसतं. आणि दुसरं... निदान तुला ठाऊक असतं. वेळ होता तेव्हा कुणाला तरी विचारता आलं असतं." मग तिने शिल्पाच्या हातावर हात ठेवला. "पण एक विसरू नको. त्याच औषधांनी तू वाचलीस."

शिल्पाने हात काढून घेतला.

वाचलीस. हा शब्द तिने सतरा वर्षं ऐकला होता. वाडीत कुणाकडे लग्न असो, बारसं असो, पाहुण्यांसमोर तिला उभं करायचे. ही बघा, लखूची पोर, मरणाच्या दारातनं परत आली. मग तिचे वडील, आबा, तीच गोष्ट सांगायचे. भर पावसात ओढ्याला पूर, बस बंद, आणि पोरीला घोंगडीत गुंडाळून पाठीवर घेऊन त्यांनी तुडवलेली वाट. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. शिल्पा खाली मान घालून उभी राहायची, कारण जी वाचली तिने दुसरं काय करायचं असतं?

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. डिसेंबरातली दुपार होती, बाकीच्यांनी उकडतंय म्हणून काचा उघडल्या होत्या आणि ती स्वेटरमध्ये कुडकुडत होती. तिला तिच्या मालकाचा, महाबळेश्वर हेगडे यांचा, चेहरा आठवत होता. जंगलातल्या त्यांच्या होमस्टेत ती दोन वर्षं स्वयंपाकाला होती. गेल्या महिन्यात बारा पाहुण्यांचं जेवण चुलीवर असताना ती भिंतीला टेकून झोपली आणि भाताचा कोळसा झाला. "म्हशीसारखी लोळायला पगार देतो का मी?" हेगडे सगळ्यांसमोर म्हणाले होते. पाहुण्यांतली दोन पोरं हसली होती. तिने माफी मागितली तरी त्यांनी तिला कामावरून काढलं, आणि घरी आय म्हणाली होती, "तू आळस सोड गं पोरी. सासरी कोण खपवून घेणार?"

आळस! तिने पुढच्या सीटची दांडी इतकी आवळून धरली की बोटं पांढरी पडली. कंडक्टरने तिकिटासाठी दोनदा हटकलं तेव्हा ती त्याच्यावर खेकसली, आणि त्याचं तिला जराही वाईट वाटलं नाही.

घरी पोचली तेव्हा अंगणात मळणी चालली होती. लखू बाकावर पेंढ्या आपटत होता आणि तिची आय, गिरजा, खाली पडलेलं भात सुपात भरत होती. शिल्पा चपला न काढता सरळ त्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली.

"माझी फाईल कुठं हाय?"

लखूचा हात वर होता. त्याने पेंढी आपटली नाही, खाली ठेवली.

"कसली फाईल?"

"हुबळीची. इस्पितळाची."

"काय म्हणाली डॉक्टर?" गिरजाने विचारलं. "रक्त कमी हाय म्हणाली न्हवं?"

"फाईल कुठं हाय, आबा?"

लखू आत गेला. पत्र्याच्या ट्रंकेतून त्याने प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली जाडजूड फाईल आणली आणि तिच्या हातात दिली. पिशवीच्या गाठी तिने दातांनी सोडवल्या. अंगणातच, भाताच्या राशीशेजारी बसून ती पानं उलटू लागली. बरीचशी इंग्रजीत होती. मधोमध एक कन्नड पान लागलं, तिच्या बारावीपर्यंतच्या शिक्षणाला सहज वाचता येईल असं.

तिने ते मोठ्याने वाचलं, आणि आयसाठी मराठीत करत गेली. उपचार पूर्ण. रुग्ण बरा. पुढे मानेतल्या ग्रंथीचं काम मंदावू शकतं. पुढे मूल होण्यास अडचण येऊ शकते. वर्षातून एकदा तपासणी, कायम. हे सर्व पालकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितलं आहे.

खाली सही होती. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, वाकडीतिकडी, तीन अक्षरांनंतर दम लागल्यासारखी. लखू गावडा.

"ही तुझी सही."

"व्हय."

"सांगितलं हुतं तुला?"

"सांगितलं हुतं." लखू हातावरचा भुसा झाडत होता, सगळा झडला तरी झाडत होता. "कारवारकडचा डॉक्टर हुता. कोकणीत सांगितलं, सगळं."

गिरजाच्या हातातलं सूप कलंडलं. "मला न्हाई सांगितलंस."

"आबा, तू मला सांगायचंस!" शिल्पाचा घोगरा आवाज फाटला. शेजारच्या अंगणात तुळजाकाकी धुणं वाळत घालता घालता थांबली. "सगळ्या गावाला पाठीवरनं आणल्याची गोष्ट सांगितलीस. देवळात सांगितलीस, बसस्टॉपवर सांगितलीस. आन् हे? ही गोष्ट कुणाला सांगायची हुती? मी झोपते तर आळशी, मी सुजते तर म्हस. काम गेलं माझं. रोज सकाळी उठताना वाटतं कुणी अंगावर धोंडा ठेवलाय, आन् मी स्वतःला शिव्या देत उठते, आबा. दहा वर्षं. एका गोळीचं काम हुतं!"

"बाय..."

"बाय म्हणू नको मला."

"तवा मी एवढंच इचारलं डॉक्टरला, पोर जगंल का," लखू म्हणाला. "तो जगंल म्हणाला. फुडचं... फुडचं मला ऐकू आलं, पण..."

"पण काय?"

त्याने मान हलवली. पुढे तो काहीच बोलला नाही, आणि तेच तिला सगळ्यात असह्य झालं. त्याने ओरडायला हवं होतं. मी काय काय विकलं, किती उपास काढले, ते काढायला हवं होतं, म्हणजे तिला त्यावरही तुटून पडता आलं असतं. तो पुन्हा बाकाकडे वळला आणि पेंढी उचलली. शिल्पाने ती त्याच्या हातातून हिसकावली आणि लांब भिरकावली. दाणे कोंबड्यांपुढे पडले.

संध्याकाळी गिरजा तिच्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे सुजले होते, पण बोलली ते वेगळंच.

"परवा तुला बघायला खानापूरची माणसं येणार हायत. हे आत्ताच कुणाला बोलू नको."

शिल्पाने झटक्यात मान वर केली.

"लगीन झाल्यावर बघू," गिरजा म्हणाली. "औषधं हायत, देव हाय. आधीच सांगितलं तर कोण उंबरा चढंल?"

"म्हंजे आबानं मला केलं ते मी त्या माणसाला करू?"

"मी काय वाईटाला सांगते व्हय?"

"कुणीच वाईटाला करत न्हाई, आये. सगळी चांगल्यालाच गप बसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेकाडावर गेली. वाडीत फोनला रेंज फक्त तिथेच मिळायची. स्थळ आणलं होतं ते रामनगरच्या रूपालीमावशीने. शिल्पाने तिला सगळं सांगितलं, गोळ्यांपासून मुलापर्यंत.

"मी त्यांना सांगते, तुला ताप आलाय म्हणून," मावशी म्हणाली. "पुढं आपोआप मागं पडेल."

"न्हाई मावशी. आहे तेच सांग."

"अगं, एकाला कळलं की चार गावांना कळतं. पुन्हा कुणी विचारणार नाही तुला."

"न विचारू दे."

फोन ठेवल्यावर ती तिथेच उकिडवी बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आला तो रागच, कोरडा, घशात अडकलेल्या कुसळासारखा. विनायक त्या मुलाचं नाव होतं. त्याचा फोटो तिने एकदाच पाहिला होता. तो तिला फारसा आवडलाही नव्हता. पण नको म्हणायची पाळी तिची असायला हवी होती.

दुपारी मावशीचा निरोप आला. खानापूरची माणसं येणार नव्हती.

लखू दोन दिवस तिच्या समोर यायचं टाळत होता. दिवसभर शेतावर असायचा, जेवायला उशिरा यायचा, पानावरून मान वर न काढता उठायचा. तिने नव्या गोळ्या सुरू केल्या होत्या. सकाळी ती गोळी घ्यायची तेव्हा तो पाण्याचा तांब्या भरून तिच्या बाजूला ठेवायचा आणि निघून जायचा. ती मुद्दाम दुसरं पाणी घ्यायची.

रविवारी, ज्या दिवशी पाहुणे यायचे होते त्या दिवशी, ती ओट्यावर फाईल घेऊन बसली. डॉक्टरने कागद तारखेप्रमाणे लावायला सांगितले होते. ऊन अंगावर घेत तिने वर्षांचे ढीग केले. दोन हजार आठ, नऊ. मग तपासणीच्या चिठ्ठ्या, दहा, अकरा, बारा, तेरा. प्रत्येकीवर शिक्का होता. म्हणजे आबा तिला दरवर्षी नेत होते. हे ती विसरली नव्हती, पण रागात तिने ते मोजलं नव्हतं. तेरानंतर काही नव्हतं.

काही नव्हतं असं नाही. फाईलच्या मागच्या कप्प्यात एक पाकीट होतं, कडेने नीट कापलेलं. आत इस्पितळाचं पत्र, कन्नडमध्ये, ऑगस्ट दोन हजार चौदाचं. शिल्पा यंदा तपासणीला आलेली नाही. अमुक तारखेला तिला जरूर आणावे. प्रवासाची अडचण असल्यास कळवावे. तपासणी चुकवू नये, तिच्या पुढच्या आयुष्यासाठी हे आवश्यक आहे.

तिने ते वाचलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली तेव्हा अक्षरं ओळखीची वाटली.

हे पत्र तिने आधी वाचलं होतं. याच ओट्यावर. ती नववीत होती, शाळेचा निळा स्कर्ट अंगात होता. पोस्टमनने पाकीट दिलं आणि आबांनी विळ्याने ते जपून कापून तिच्या हातात ठेवलं. घरात कन्नड वाचता येणारी ती एकटीच. त्याच्या आदल्या वर्षी इस्पितळात तिने उपचारांच्या वेळी शेजारच्या खाटेवर असलेल्या शांतीची चौकशी केली होती. दोघी एकाच वयाच्या, दोघींचं डोकं एकाच दिवशी भादरलेलं. नर्सने उत्तर द्यायच्या आधी उशीचा अभ्रा बदलायला घेतला होता. तेवढ्याने शिल्पाला शांती गेल्याचं कळलं होतं. घरी येईपर्यंत ती कुणाशी बोलली नव्हती, आणि त्या इमारतीत पुन्हा पाय ठेवायचा नाही असं तिने ठरवलं होतं.

"काय लिवलंय?" आबांनी विचारलं होतं.

"सगळं बरं हाय म्हणत्यात," ती म्हणाली होती. "आता यायची गरज न्हाई."

आबांनी पत्र कपाळाला लावलं होतं. त्या संध्याकाळी नंदिगड्डा गावातल्या दुकानातून त्यांनी बत्तासे आणले होते आणि घरोघर वाटले होते. शिल्पा सुटली, म्हणाले होते. तिनेही चार बत्तासे खाल्ले होते.

किती वेळ ती पत्र धरून बसली होती कोण जाणे. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. परसातून लखू आला, खांद्यावर गवताचा भारा होता. तिच्या हातातला कागद त्याला दिसला, आणि भारा खाली टाकून तो जागच्या जागी थांबला. जवळ यावं की जावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"हे ठावं हाय तुला?" तिने विचारलं.

"हाय."

"मी खोटं वाचलं हुतं."

लखू ओट्याच्या पायरीवर बसला, तिच्याकडे पाठ करून.

"दोन दिवस मी तुला वाट्टेल ते बोलले. मग सांगितलं का न्हाईस? तुझ्या पोरीनंच फसवलं, असं का न्हाई म्हणालास?"

"फसवलं न्हाईस." त्याने डोक्याला बांधलेली टापशी सोडून गुडघ्यावर ठेवली. "मला तवाच कळलं हुतं."

"काय?"

"तू वाचत हुतीस आन् कागुद हलत हुता. एवढं मोठं पत्र, आन् तू दोन वाक्यांत संपवलंस." त्याने गुडघ्यावरची टापशी उचलून झटकली. "मला वाचता येत न्हाई, बाय. पण वळी मोजता येत्यात."

पलीकडे तुळजाकाकीची कोंबडी बांधावरून खाली उतरली. शिल्पाच्या आत कुठेतरी राग होता, तो आता एका जागी राहत नव्हता. तो तिच्याकडे यायचा, तिथे टेकायला जागा शोधायचा, आणि पुन्हा त्या वाकलेल्या पाठीकडे वळायचा.

"मग न्हेलं का न्हाईस?"

"मागल्या खेपेला सुई टोचताना तुला धरायला मला सांगितलं. तू माझ्या हाताला चावलीस. रगत आलं. तुझ्या डोळ्यांत जे हुतं ते..." त्याने तळहात चेहऱ्यावरून फिरवला. "तू म्हणालीस बरं हाय, आन् मला सुटल्यागत झालं. मलाबी जायाचं न्हवतं."

"मी चौदा वर्षांची हुते, आबा."

"व्हय."

"तू न्हवतास."

"व्हय."

त्याने तो शब्द दोन्ही वेळा सारखाच म्हटला, ओझं खाली ठेवताना माणूस श्वास सोडतो तसा. तिने पत्र पाकिटात घातलं आणि तेराच्या ढिगावर ठेवलं, जिथे त्याची जागा होती. कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर हात दाबून धरला.

"उद्या पयल्या बसनं रामनगर. तिथनं चिठ्ठी घिऊन बेळगाव," ती म्हणाली. "तू यायचंस."

"येतो."

"डॉक्टर काय सांगंल ते सगळं ऐकायचं. फुडचंबी."

"ऐकतो." त्याने अर्धवट मान वळवली. "आन् सकाळी तू न्हाई म्हणालीस तर?"

"तर वढत न्हे."

लखू गुडघ्यांवर हात टेकून उठला. उठताना त्याचा तोल जरासा गेला. शिल्पाने ते पाहिलं, पण हात पुढे केला नाही.